बेटावरची तारीख

"अजून जलद आहे," डोळे मिटूनच घड्याळजी म्हणाले.

भाचीने कळ दाबून आकडा आणखी खाली आणला. पडद्यावरचं बेट क्षणभर अडखळलं आणि पुन्हा चालू लागलं. दीपगृहाचा पिवळा झोत समुद्रावरून फिरत गेला, परत कडेला आला आणि 'टण्' असा बारीक आवाज झाला. घड्याळजींनी त्या आवाजावर टेबलावर बोट आपटलं. स्टॉपवॉच शेजारीच उघडं पडलं होतं, पण ते त्याच्याकडे बघतही नव्हते.

"आता?"

"पाव सेकंद. पाव सेकंद अजून मागे घे."

"मामा, पाव सेकंदाने काय बिघडतंय?"

"माझ्याकडे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक हेच म्हणायचं," घड्याळजी म्हणाले, "आणि मग गाडी चुकली की माझ्याच नावाने बोटं मोडायचं."

भाची हसली आणि निमूटपणे आकडा खाली आणू लागली. कॉम्प्युटर तिच्या पोटापाण्याचाच विषय होता, पण या खेळाने तिचे तीन रविवार खाल्ले होते. खेळ पंचवीस वर्षांपूर्वीचा, त्या वेळच्या सावकाश यंत्रांच्या चालीवर बेतलेला. पहिल्या रविवारी तो नव्या कॉम्प्युटरवर सुरूच होईना. दुसऱ्या रविवारी सुरू झाला, तर बेटावरची माणसं पाणी ओतलेल्या वारुळातल्या मुंग्यांसारखी सैरावैरा धावू लागली आणि डोळ्याची पापणी लवेपर्यंत दिवस उजाडून मावळू लागला. शेवटी तिने नव्या कॉम्प्युटरच्या पोटात एक जुना कॉम्प्युटर उभा केला. म्हणजे नुसता प्रोग्रामच, पण वागायला हुबेहूब त्या जुन्या यंत्रासारखा, आणि त्याला हवा तसा लगाम घालता येत होता. लगाम किती खेचायचा हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. ते घड्याळजींच्या कानाला ठाऊक होतं.

झोताची एक फेरी बारा सेकंदांची. हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. मुलगी खेळायला बसली की पडद्यावरचा तो उजेड तिच्या मागच्या भिंतीवर पडे, आणि त्यांनी एकदा जेवता जेवता मनगटावरच्या घड्याळाशी तो ताडून पाहिला होता. तुझा दिवा सेकंदही चुकत नाही, बरोबर बारा, असं त्यांनी तिला सांगितलं, तेव्हा ती घास तोंडात तसाच ठेवून खो खो हसली होती.

त्यांची ही मुलगी बाराव्या वर्षी गेली. घरात तिला टकळी म्हणत, कारण तिची टकळी झोपेतसुद्धा चालू असे. भाची तिच्याच वयाची. सुट्टीत दोघी एका खुर्चीवर अर्ध्या अर्ध्या बसून हा खेळ खेळत आणि तिसऱ्याला जवळ फिरकू देत नसत. भाची आता सदतीस वर्षांची होती. घड्याळजी तिच्याकडे बघत तेव्हा मधूनच त्यांची नजर तिच्या केसांतल्या एकदोन पांढऱ्या तारांवर थांबे आणि मग ते पटकन दुसरीकडे बघत.

"आता," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे उघडले. "आता बरोबर आहे."

भिंतीवर आठ घड्याळं होती, कपाटावर चार, उरलेली आतल्या खोलीत आणि स्वयंपाकघरात. एकूण अठरा, आणि अठराही एकाच दमात ठोके देत. दुकान बंद करून वर्ष झालं होतं, हात थरथरू लागल्यावर चिमटा धरणार कसा? पण घरातल्या घड्याळांना रोज सकाळी हात लावल्याशिवाय ते चहा घेत नसत. चुकीची वेळ दाखवणारं घड्याळ त्यांना उघड्या जखमेसारखं वाटे. कोणाच्या घरी गेले तरी बोलता बोलता त्यांचा हात भिंतीकडे जाई, आणि यजमान चहा घेऊन बाहेर येईतो तिथलं घड्याळ सुधारलेलं असे.

एवढी घड्याळं घरात असताना त्यांची बायको मात्र एके काळी रोज दुपारी दुकानात फोन करून विचारी, "जेवलात का? आणि किती वाजले?" मुलीच्या शेवटच्या दिवसांत सुरू झालेली ही सवय. "घरात दीड डझन घड्याळं, आणि तू मला विचारतेस?" ते म्हणत. पण सांगत, अगदी सेकंदासकट. शेजारचा चष्मेवाला त्यावरून त्यांची फिरकी घेई. सहा वर्षं तो फोन आला आणि मग एका दुपारपासून बंद झाला. सावरली, असं त्यांनी मनाशी म्हटलं. थोडं बरं वाटलं, थोडं चुकल्यासारखंही वाटलं.

आज ती स्वयंपाकघरात होती. तिथून भांडी जरा जास्तच जोरात ठेवल्याचे आवाज येत होते. महिन्यापूर्वी माळ्यावरून घड्याळजींनी टकळीचा जुना कॉम्प्युटर उतरवला, तेव्हाच ती म्हणाली होती, "कशाला उकरून काढताय?" त्यानंतर तिने त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. चहासुद्धा दाराशी ठेवून जाई.

"मामीला आवडलेलं नाही हे," भाची हळूच म्हणाली.

"मला तरी कुठे आवडतंय?" घड्याळजी म्हणाले. "पण शब्द दिला होता तिला."

तो शब्द काय होता, हे त्यांनी भाचीला पहिल्याच रविवारी सांगितलं होतं, तेही खाली मान घालून. दवाखान्यात जाताना टकळीने त्यांना बजावलं होतं: बाबा, दिव्यात रोज तेल घाला. तीन रात्री दिवा विझलेला राहिला तर बेटावरची माणसं होडीत बसून निघून जातात, आणि मग परत येत नाहीत. ते हो म्हणाले. पण दवाखाना, दुकान, औषधं, पुन्हा दवाखाना या धावपळीत कुठला दिवा आणि कुठलं बेट? नवव्या दिवशी तिने विचारलं, "घातलंत ना तेल?" आणि ते पुन्हा म्हणाले, "हो." त्यानंतर सहा दिवसांनी ती गेली.

उभ्या आयुष्यात कोणाला चुकीची वेळ न सांगितलेला माणूस. त्याने एकच धडधडीत खोटं सांगितलं, आणि ते ऐकून ती निवांत डोळे मिटून पडली. पंचवीस वर्षं त्यांना ते डाचत होतं. दुकानात गिऱ्हाईक नसलं की ते पुढ्यातल्या घड्याळाचं यंत्र उघडत आणि नुसतेच बघत बसत.

"एकदा बघू दे," ते भाचीला म्हणाले होते. "माणसं गेली असतील तर गेली असतील. निदान दिवा लावतो."

जुन्या यंत्रातली तबकडी, म्हणजे हार्ड डिस्क, मेलेली नव्हती, हे नशीब. भाचीने तिच्यातलं सगळं उतरवून घेतलं, टकळीच्या बेटासकट, आणि त्याच्या दोन प्रती काढल्या. तिच्या धंद्यात एका प्रतीवर कोणी विसंबत नाही. आतापर्यंत वेग जुळवायला उघडलेलं बेट नुसतं नमुन्याचं होतं. ते तिने बंद केलं. पडदा काळा झाला आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत जुनाच प्रश्न आला: आजची तारीख?

"हे अजून विचारतं?" घड्याळजी पुढे सरकले.

"मीच तसं ठेवलंय. तेव्हासारखं."

त्या यंत्राच्या पोटातल्या घड्याळाचा सेल कधीच संपलेला होता. सुरू केलं की ते आधी तारीख विचारी, मग वेळ. सेल बदलून देतो, असं घड्याळजी कितीदा म्हणाले, पण टकळीने बदलू दिला नाही. संध्याकाळी शाळेतून आली की यंत्रापुढे बसून ती ओरडे, "बाबा, किती वाजले?" ते दुकानातून आलेले असत. ते वेळ सांगत. "आणि सेकंद?" ते सेकंद सांगत. सेल बदलला तर मग तुम्हाला काय विचारू, असं तिचं म्हणणं.

भाचीने खिशातला कागद काढून बघितला. बेट शेवटचं उघडलं होतं ती तारीख तिने तबकडीवरच्या नोंदीतून त्यावर उतरवली होती, चार फेब्रुवारी, टकळी दवाखान्यात गेली त्याच्या आदल्या दिवसाची. तिने तीच तारीख, त्याच वर्षाची, टंकली आणि त्याच दिवसाची एक वेळही टाकली. मामांना ती काही बोलली नाही. खेळाला वाटू दे की मधे एकही दिवस गेला नाही, म्हणजे बेटावरची माणसं जागच्या जागी असतील, एवढाच तिचा हिशोब. ही चलाखी मामांना समजावायची म्हणजे ते सगळं पुन्हा बोलायला लागणार, म्हणून ती गप्प राहिली. तिची चूक म्हणायची तर एवढीच.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. ऑफिसातून होता. "दोन मिनिटं, मामा," असं म्हणून ती बाल्कनीत गेली.

घड्याळजी एकटे राहिले. समोर काळा पडदा, त्याच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ. वर्ष चुकलेलं, महिना चुकलेला, तास चुकलेला. असं धडधडीत चुकलेलं घड्याळ नजरेसमोर असताना त्यांना इतर काही सुचणं शक्यच नव्हतं. ते भाचीच्या खुर्चीवर सरकले. तारीख कशी बदलायची हे टकळीने त्यांना दाखवून ठेवलेलं होतं. उजव्या हाताच्या एका बोटाने, कळ शोधत शोधत, त्यांनी आजची तारीख घातली. मग भिंतीकडे बघून वेळ घातली, सेकंदांसह. मग ते आपल्या खुर्चीवर परत येऊन बसले आणि त्यांना जरा बरं वाटलं.

भाची आत आली ती पुटपुटतच, "रविवारीसुद्धा सोडत नाहीत मेले." तिने पडद्याकडे न बघताच कळ दाबली.

बेट उमटलं. टेकडी, दीपगृह, धक्का, खाली पाच लाल छपरांची घरं. एका दाराशी निळ्या झग्यातली बाई उभी होती. घड्याळजींच्या तोंडून आवाज निघाला. "आहेत," ते म्हणाले, "अगं, आहेत!"

मग खालच्या पट्टीवर ओळ आली. पहारा सुटून नऊ हजार चारशे अकरा रात्री झाल्या.

खेळ राहिलेल्या रात्री भरून काढू लागला. पहिली, दुसरी, तिसरी. दिवा विझला. धक्क्याला होडी लागली. निळ्या झग्यातली बाई दार ओढून घेऊन खाली उतरली, तिच्यामागे एक म्हातारा, त्याच्यामागे दोन मुलं आणि कुत्रा. एकेक घर काळं पडत गेलं. होडी निघाली आणि कडेला जाऊन नाहीशी झाली. उरलेल्या नऊ हजार रात्री त्या ओसाड बेटावरून भराभर गेल्या. छपरं कोसळली, धक्का पाण्यात गेला, टेकडीवर गवत चढलं. फार तर अर्धं मिनिट लागलं असेल. घड्याळजींनी ते मोजलं नाही.

ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. नऊ दिवसांच्या हयगयीचं फळ असं डोळ्यांदेखत बघावं लागेल, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती. ती काहीच कामाला आली नाही. सत्तरी ओलांडलेला तो माणूस भाचीसमोर लहान मुलासारखा रडू लागला.

"तारीख," भाची म्हणाली. "मामा, तारीख तुम्ही..."

"खरी तारीख घातलीत ना?"

आवाज दारातून आला. मामी उभी होती. हातात कपांचा ट्रे.

"चुकीची होती," घड्याळजी कसेबसे म्हणाले.

"ती चुकीचीच ठेवायची असते."

एवढं बोलून ती परत गेली. ट्रे ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला, मग तोही नाही. भाची दाराकडे बघत राहिली. मामीने कॉम्प्युटरला कधी हात लावल्याचं तिच्या ऐकिवात नव्हतं. मोबाइलवर फोटो बघायचा तरी ती कोणाला तरी हाक मारी.

"दुसरी प्रत आहे, मामा," ती म्हणाली. "काही गेलेलं नाही. पाच मिनिटं द्या." तिने ओसाड बेट पुसलं, दुसरी प्रत त्याच्या जागी ठेवली आणि पुन्हा तो काळा पडदा आणला. आजची तारीख? ती कागद शोधू लागली.

"चार फेब्रुवारी," स्वयंपाकघरातून मामी म्हणाली. वर्षही तिने सांगितलं.

या वेळी बेट होतं तसं राहिलं. बाई दाराशी, म्हातारा जाळं विणत, कुत्रा धक्क्यावर. दिवा बारा सेकंदांत एक फेरी मारत होता आणि त्याचा उजेड मागच्या भिंतीवरून, घड्याळांवरून सरकत होता. घड्याळजी डोळे पुसायचे विसरून बघत राहिले. पण मग त्यांच्या कपाळावर आठी आली.

"दिवा पेटलेला कसा? तेल तर..."

"वही बघू या," भाची म्हणाली. मामीचं मघाचं बोलणं तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

दीपगृहात एक वही असे. जो दिवा लावील त्याचं नाव, तारीख आणि वेळ खेळ आपणहून तिच्यात लिहून ठेवी. भाचीने ती उघडली. सुरुवातीची पानं टकळीची. रोजची वेगळी तारीख, वेळ संध्याकाळची, सहा-साडेसहाच्या पुढची. चार फेब्रुवारी, सहा वाजून बेचाळीस मिनिटं. इथे वही संपायला हवी होती.

ती संपली नव्हती. खाली टकळीच्याच नावाने पुढची ओळ होती. चार फेब्रुवारी, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं, चाळीस सेकंद. त्याखाली चार फेब्रुवारी, दोन वाजून आठ मिनिटं, पाच सेकंद. त्याखाली चार फेब्रुवारी. भाची पानं उलटत गेली. दहा पानं, पन्नास पानं. तारीख तीच, नाव तेच, आणि वेळ दुपारची, कधी दोनच्या पुढे, कधी सव्वादोन.

"दुपारी तर आम्ही शाळेत असायचो," भाची म्हणाली. "आणि एकाच दिवशी दोन हजार वेळा दिवा कोण लावेल?"

 घड्याळजी सेकंदांचा रकाना बघत होते. चाळीस. पाच. बावीस. सतरा. इतका काटेकोर आकडा त्यांच्याखेरीज नुसतं भिंतीकडे बघून कोणी घालत नाही. तो कोणीतरी सांगावा लागतो. दुकानातल्या काळ्या फोनचा रिसीव्हर त्यांना हातात असल्यासारखा वाटला, आणि त्यातला आवाजही. जेवलात का? आणि किती वाजले?

ते उठले आणि भिंतीला हात लावत स्वयंपाकघरापर्यंत गेले. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती.

"तू होतीस?"

"तुम्ही तिला हो म्हणालात," ती वळली नाही. "मी पायाशी बसले होते. तेल घातलेलं नाही हे मला माहीत होतं. तिला उद्या बरं वाटलं असतं, घरी आली असती, आणि बघितलं असतं तर? म्हणून त्याच दुपारी आले घरी. अंघोळीला जाते असं सांगून."

"पण माणसं तर गेलेली असणार. नऊ दिवस..."

"मी दवाखान्याच्या आदल्या दिवसाची तारीख घातली. ती कशी घालते, हे रोज बघितलेलं होतं. ती नसताना एकही दिवस झाला नाही, असं सांगितलं त्याला. त्याने ऐकलं." तिने ओला हात पदराला पुसला. "मग ती आलीच नाही. मग रोज तेवढीच तारीख घालायची. वेळ मात्र तुम्हाला फोन करून विचारत असे, टकळी तुम्हालाच विचारायची ना, म्हणून. सहा वर्षांनी ते यंत्रच सुरू होईना. कोणाला सांगणार दुरुस्त करा म्हणून?"

"मला सांगायचंस," ते म्हणाले. "मी इतकी वर्षं... मला का नाही सांगितलंस?"

ती आता वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असलाच तर तो केव्हाच विरून गेलेला होता.

"तुम्ही तारीख बरोबर करून टाकली असती," ती म्हणाली.

आत्ताच तर घड्याळजींनी ते केलेलं होतं.  घरातल्या अठरा घड्याळांनी एकदम दोनाचे ठोके दिले. ते संपेपर्यंत दोघं उभी राहिली.

मग ते परत खोलीत आले आणि भाचीला म्हणाले, "बंद कर. पहिल्यापासून सुरू कर."

काळा पडदा आला. आजची तारीख? भाचीने कळांवर बोटं ठेवली, तसं त्यांनी तिचा हात हलकेच बाजूला केला. खुर्चीवर ते स्वतः बसले. त्यांचं बोट बराच वेळ वरच्या आकड्यांच्या ओळीवर फिरत राहिलं. मग त्यांनी चार घातला. मग फेब्रुवारीचा दोन. मग ते वर्ष. बटण दाबण्यापूर्वी त्यांनी चष्मा नीट करून आकडे एकदा तपासले, बरोबर चुकीचे आहेत ना ते बघायला.

पडद्याने वेळ विचारली. ते उठले आणि खुर्ची मोकळी करून बाजूला उभे राहिले.

मामी दारापर्यंत आली होती. थोडा वेळ तिथेच थांबली. मग आत येऊन ती खुर्चीवर बसली, पण अर्धीच, एका बाजूला. उरलेली अर्धी तशीच रिकामी ठेवून तिने दोन बोटं कळांवर टेकवली.

"किती वाजले?" तिने विचारलं.

घड्याळजींनी भिंतीकडे बघितलं. आठ घड्याळं होती, आणि डोळ्यांतल्या पाण्यात त्यांना एकाचाही काटा दिसेना.

"दोन वाजून," ते म्हणाले आणि थांबले. "दोन वाजून नऊ."

"आणि सेकंद?"

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. ती वाट बघत बसून राहिली.